जरा उठतोस का?

इंग्लंडात घरी टीव्ही बघायचा तर लायसन्स लागतं. नदीत गळ टाकून बसायचं तर लायसन्स लागतं. पण 26 फुटी बोट विकत घेऊन, तिच्यावर बायकोला चढवून थेट इंग्लिश खाडीत निघून जायला कसलंही लायसन्स लागत नाही. बोट खाजगी आणि हौसेची असली की झालं. वायरलेसवर बोलायला तेवढं सर्टिफिकेट लागतं, म्हणजे बुडायला परवानगी नको, पण बुडतोय हे सांगायला हवी. ही माहिती नवऱ्याने मला बोट घेण्याआधी मोठ्या उत्साहाने दिली होती. समोरून येणाऱ्याकडेही लायसन्स नसणार, हा त्यातला भाग मला त्याच्या लक्षात आणून द्यावा लागला.

नवरा पुण्याचा. खडकवासल्याच्या पलीकडचं पाणी त्याने पहिल्यांदा पाहिलं ते दहावीच्या सहलीत. मी मालवणची. आता कुणालाही वाटेल की बोटीची हौस माझी असणार. पण समुद्रकाठची माणसं हौसेने समुद्रात जात नाहीत. माझ्या आईच्या लहानपणी मुंबईला जायचं म्हणजे आगबोटीने. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, पडावातून हेलकावत तिच्यापर्यंत जायचं, आणि मग रात्रभर लिंबू हुंगत पडून राहायचं. पैसे देऊन, सुट्टी काढून, आपण होऊन कुणी हे करतं यावर आईचा अजून विश्वास बसलेला नाही. आम्ही बोट घेतली हे फोनवर सांगितल्यावर तिने तीनच प्रश्न विचारले. "कित्याक?" "तेतूर संडास आसा मा?" आणि "तो पाण्यात पडलो तर?" तिन्ही प्रश्न मर्मावर बोट ठेवणारे होते. पहिल्याचं उत्तर अजून द्यायचं आहे.

बोट नवी म्हणजे आमच्यासाठी नवी. वेस्टर्ली सेंटॉर हे तिचं मॉडेल. 1969 ते 1980 या काळात या बोटी इंग्लंडात 2,400 हून जास्त बांधल्या गेल्या, आणि फायबरग्लास कुजत नसल्यामुळे त्यातल्या बऱ्याच अजून कुणा ना कुणाच्या गळ्यात पडत असतात. आमची बोट आम्हा दोघांपेक्षा वयाने मोठी आहे. तिच्या पोटाखाली एकाऐवजी दोन कणे आहेत, त्यामुळे ओहोटीला पाणी निघून गेलं तर ती आडवी न होता चिखलात सरळ उभी राहते. तरंगायला तिला जेमतेम तीन फूट पाणी पुरतं. जुन्या जाहिरातपत्रकात लिहिलंय की हिच्यात सहा जण झोपू शकतात. झोपू शकतात, खरं आहे. सहा जणांनी एकदम उठायचं ठरवलं तर काय, यावर पत्रकात काही नाही.

विकत घेण्याआधी तपासनीस आला. त्याने छोट्या हातोडीने बोटीचं अंग आख्खं ठोकून काढलं आणि आठवड्याने जाडजूड अहवाल पाठवला. त्यात शिडाबद्दल, इंजिनाबद्दल, गाद्यांबद्दल, सगळ्याबद्दल एकच शेरा होता: वयाच्या मानाने ठीक. नवऱ्याने तो अहवाल मला कौतुकाने वाचून दाखवला आणि "म्हणजे चांगलीच आहे की" असा निष्कर्ष काढला. हाच शेरा डॉक्टरांनी त्याच्या गुडघ्यांबद्दल दिला होता तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता.

बोट ताब्यात आली ती हँबल नदीत, साउदॅम्प्टनपासून जवळच. या नदीत बोटी इतक्या दाटीवाटीने बांधलेल्या आहेत की पाणी शोधावं लागतं. आईच्या आग्रहाखातर नारळ फोडायचा ठरला. नवऱ्याचं म्हणणं, बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ आपटला तर पन्नास वर्षं टिकलेल्या फायबरग्लासला चीर जाईल आणि विमा कंपनीला कारण काय सांगायचं? शेवटी धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्यावर फोडला. शेजारच्या बोटीवरचे साहेब चहाचा मग घेऊन बघत होते. मी खोबरं पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, आभार मानले, आणि खायचं की समुद्रात टाकायचं हे कळेना म्हणून अर्धा तास हातात धरून ठेवलं.

लोक विचारतात, पहिले दिवस कसे गेले, समुद्र कसा होता? समुद्राचा विशेष संबंधच आला नाही. समुद्र बाहेर होता. आम्ही आत होतो आणि चहाची पावडर शोधत होतो.

बोटीत कपाट नसतं. म्हणजे कपाटच असतं, त्यालाच आपण बाक म्हणतो. बसायची फळी उचलली की खाली पोकळी, आणि त्या पोकळीत संसार. त्यातून एक नियम निघतो, तो न्यूटनच्या नजरेतून सुटला: जी वस्तू हवी असते ती बसलेल्या माणसाच्या खाली असते. चहाची पावडर नवऱ्याच्या खाली. तो उठून माझ्या जागी बसला की साखर त्याच्या खाली. बटाटे पुढच्या बाकाखाली, पण पुढच्या बाकावर भिजलेली जाकिटं, ती ठेवायला मागचा बाक, आणि मागच्या बाकाखाली सुरी. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, पण "जरा उठतोस का?" हे वाक्य मी त्या पहिल्या आठवड्यात जितक्यांदा म्हटलं तितकं उरलेल्या सगळ्या वर्षांत मिळून म्हटलं नसेन. नवरा शेवटी बसायचाच बंद झाला. मधल्या वाटेत मान वाकवून उभा राहायचा. पण वाट एकाच माणसाची आहे, त्यामुळे मग "जरा बसतोस का?" सुरू झालं.

मान वाकवायचं कारण सांगायला हवं. केबिनमध्ये मधोमध माझ्या नवऱ्याला उभं राहता येतं. मधोमधपासून हातभर सरकलं की डोकं आपटतं. बोटीतली प्रत्येक कड, खिट्टी आणि दिवा माणसाच्या कपाळाच्या उंचीवर बसवलेला आहे, आणि हे योगायोगाने झालं असेल असं मला वाटत नाही. गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसांचा संसार केलेल्या माझ्या मावशीला मी फोटो पाठवले. तिने उलट टपाली लिहिलं: "जागा पुष्कळ आहे. पण खोली हलत नव्हती हो आमची."

आता संडास. आईचा प्रश्न क्रमांक दोन.

बोटीतला संडास ही घाईच्या माणसाने वापरायची गोष्ट नाही. आधी बोटीच्या तळाशी असलेली तोटी उघडायची. या तोटीच्या पलीकडे प्रत्यक्ष समुद्र असतो. मग एक खटका "ओलं" या बाजूला करायचा आणि हातपंपाचा दांडा वर-खाली हाणायचा, म्हणजे समुद्राचं पाणी भांड्यात येतं. मग खटका "कोरडं" या बाजूला, पुन्हा दांडा, म्हणजे भांडं रिकामं होतं. मग पुन्हा ओलं, पुन्हा कोरडं, नळीत काही राहू नये म्हणून. आणि शेवटी तोटी बंद. शेवटची पायरी विसरायची नाही, कारण भांडं समुद्राच्या पातळीच्या खाली आहे आणि पाणी आपली पातळी शोधतं हे सातवीत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. बोटी वादळात बुडतात तशा धक्क्याला बांधलेल्या असतानाही बुडतात, आणि त्याला पुष्कळदा अशी एखादी नळी किंवा तोटी कारण असते. नवऱ्याने या सगळ्या पायऱ्या टाईप करून, लॅमिनेट करून दारावर आतून चिकटवल्या. पुणेकर असल्यामुळे खाली एक ओळ जादा आहे: "दांडा वीस वेळा म्हणजे वीस वेळा."

ते दार तरी कसलं, प्लायवूडचा पातळ तुकडा. आत दांडा सुरू झाला की बाहेरचा माणूस नकळत मोजू लागतो. लग्नात काही गोष्टी दोघांनाही ठाऊक असतात पण त्यांचा उल्लेख होत नाही. बोटीवर त्यांचा हिशेब राहतो.

त्या तोटीजवळ सुतळीने बांधलेलं एक लाकडी बूच लोंबत होतं. दुसऱ्या तोटीजवळही होतं. मला वाटलं, आधीच्या मालकाच्या पोरांचं खेळणं असेल. चौकशी केल्यावर कळलं की तोटी तुटली आणि पाणी आत येऊ लागलं तर हे बूच भोकात हातोडीने ठोकायचं. एवढंच. बोटीवर उपग्रहांचं ऐकणारं यंत्र आहे, आपण पृथ्वीवर कुठे आहोत ते ते काही मीटरच्या फरकाने सांगतं. आणि समुद्र आत येऊ नये म्हणून लाकडाचा तुकडा. त्या यंत्रापेक्षा माझा त्या बुचावर जास्त भरवसा बसला, कारण ते कसं चालतं हे मला समजतं.

स्वयंपाकाची शेगडी दोन चुलींची, आणि ती बोटीबरोबर न झुकता आपली आपण सपाट राहते, म्हणजे बोट कलली तरी आमटी कलत नाही. फक्त आपण कलतो, त्यामुळे आमटीच अंगावर येतेय असं दिसतं. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर खिडकीतून जात नाही, बोटीच्या तळाशी साचून ठिणगीची वाट बघतो. म्हणून चहा झाला की बाहेर जाऊन सिलिंडरच बंद करायचा, आणि दुसरा चहा हवा असेल तर पुन्हा जाऊन उघडायचा. आल्याचा चहा दिवसातून पाच वेळा पिणाऱ्या घराण्यात मी पडले आहे. नवऱ्याचा व्यायाम तरी होतो. धुराचा भोंगाही बसवला होता. इंग्रज माणसाचं टोस्ट जळेपर्यंत गप्प बसायचं शिक्षण त्याला मिळालं होतं. मोहरी तडतडून हिंग पडल्याबरोबर त्याने असा आक्रोश केला की नवरा लाईफजॅकेट घालून बाहेर धावला. मी फोडणीत होते, मला कुणी लाईफजॅकेट दिलं नाही.

पण खरी गंमत कुकरची. आयल ऑफ वाइटच्या उत्तर किनाऱ्याला न्यूटाउन नावाची खाडी आहे. पक्ष्यांसाठी राखलेली जागा, दोन्ही बाजूंना सखल गवत आणि चिखल, वस्ती नाही. लोक तिथे शांततेसाठी जातात आणि नांगर टाकून एकमेकांपासून सभ्य अंतरावर पुस्तकं वाचत बसतात. आम्ही नांगर टाकला आणि मी डाळीचा कुकर लावला.

समुद्रावर भोंग्याचे नियम आहेत, जगभर एकच. एक आखूड शिट्टी म्हणजे मी उजवीकडे वळतेय. दोन म्हणजे डावीकडे. तीन म्हणजे माझं इंजिन उलटं फिरतंय, सावध राहा, मी मागे येतेय. हे नियम नवऱ्याला कोर्समध्ये पाठ करायला लावले होते, त्यामुळे पहिली शिट्टी झाली तेव्हाच तो अस्वस्थ झाला. दुसरीला त्याने शेजाऱ्यांकडे पाहिलं. तुरीच्या डाळीला तीन शिट्ट्या लागतात. तिसरी झाली आणि आमच्या मागच्या बोटीवरच्या गृहस्थांनी पुस्तक खाली ठेवलं, उठले, आणि कठड्यावर रबरी गोळे बांधू लागले. एक शब्द बोलले नाहीत. नवरा म्हणाला, "गॅस बंद कर, ते समजतायत आपण त्यांच्यावर चाल करून येतोय." मी म्हटलं, डाळ कच्ची राहील.

त्याच नियमावलीत पाच आखूड शिट्ट्यांचाही अर्थ दिला आहे: तुमचा काय विचार आहे ते मला समजत नाही. हे मला फार आवडलं. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम छोले भिजत घातले.

आता कोर्सविषयी. नवऱ्याने हिवाळाभर संध्याकाळच्या वर्गाला जाऊन नकाशे, भरती-ओहोटी, दिवे, सगळं शिकून घेतलं, मग पाच दिवस पाण्यावर प्रात्यक्षिक, आणि सर्टिफिकेट. तिथे सांगतात की बोटीवर कप्तान एकच असावा. कप्तान कोण हे घरी आधीच ठरलेलं असतं, ते सांगत नाहीत. त्याच्याकडे भरती-ओहोटीचं जाडजूड पंचांग आहे, त्यात दर बंदरासाठी दर दिवसाचं पाणी मिनिटा-सेंटिमीटरमध्ये छापलेलं. मी केबिनच्या भिंतीवर कालनिर्णय लावलं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, पाणी कमी चढणार, कमी उतरणार. चंद्र एकच असल्यामुळे मालवणला चालतं ते इथेही चालतं. नवरा अर्धा तास आकडेमोड करून "परवा स्प्रिंग टाइड आहे" म्हणतो, तोवर मी पौर्णिमा बघून भांडी घासलेली असतात.

साउदॅम्प्टनच्या पाण्यात मात्र कालनिर्णय थोडं तोकडं पडतं. इथे भरती येते, थांबते, जरा उतरल्यासारखं करते आणि पुन्हा चढते. आयल ऑफ वाइटच्या दोन्ही बाजूंनी पाणी येतं म्हणून असं होतं, असं धक्क्यावरचा प्रत्येक जण सांगतो. खरं कारण इंग्लिश खाडीचा आकार आणि उथळपणा. नवरा हे प्रत्येक जणाला समजावून सांगतो. म्हणून आम्हाला निघायला उशीर होतो.

असाच उशीर होऊन आम्ही एकदा पश्चिमेला हर्स्टच्या खिंडीपाशी पोचलो. त्याच्या मते उशीर माझ्या पोह्यांनी केला. किनाऱ्यावरून गोट्यांची एक लांबलचक जीभ समुद्रात घुसते, तिच्या टोकाला आठव्या हेन्रीने 1544 मध्ये पुरा करून घेतलेला किल्ला, आणि समोर आयल ऑफ वाइट. मधल्या चिंचोळ्या वाटेतून सगळं पाणी आत-बाहेर करतं, आणि उधाणाच्या दिवशी चार नॉटच्या वर ओढतं. ते पाणी आमच्या विरुद्ध फिरलेलं. आमचं इंजिन जीव तोडून पाच देतं. उरला एक. नाळेपाशी पाणी खळाळतंय, इंजिन धडधडतंय, नवरा सुकाणू आवळून डोळे बारीक करून उभा आहे, आणि त्या गोट्यांच्या जिभेवरून एक आजोबा कुत्रा घेऊन आमच्या बरोबरीने चालतायत. मग पुढे गेले. कुत्रा दर पाच पावलांवर काही ना काही हुंगायला थांबत होता, तरी पुढे गेले. किल्ल्यापाशी पोचून, बसून, डबा खाऊन ते परत आले तेव्हा आम्ही पुन्हा एकमेकांना भेटलो. त्यांनी टोपी उचलली. नवऱ्याने तिकडे पाहिलं नाही.

याच पाण्यात, आयल ऑफ वाइट आणि साउदॅम्प्टनच्या मधोमध, ब्रँबल नावाचा वाळूचा दांडा आहे. नकाशावर तो ठळक दाखवलेला असतो, बाजूला खुणेचे पिंप आहेत, आणि तरीही लोक त्याच्यावर चढतात. 11 नोव्हेंबर 2008 ला क्वीन एलिझाबेथ टू ही जगप्रसिद्ध प्रवासी बोट, तिच्या साउदॅम्प्टनमधल्या शेवटच्या मुक्कामाला येताना, इथेच रुतली होती. ही गोष्ट नवरा पाहुण्यांना वारंवार सांगतो. आमच्याशी तिचा काही संबंध नाही, असंही सांगतो. वर्षातून एकदा मोठ्या ओहोटीला हा दांडा तासाभरासाठी उघडा पडतो आणि तिथे दोन यॉट क्लब क्रिकेट खेळतात, एक हँबलचा आणि एक पलीकडच्या काउझचा. खेळ पाणी येईपर्यंत. जिंकायचं कुणी हे आधीच ठरलेलं असतं, एका वर्षी हे, एका वर्षी ते. इतकं समंजस क्रिकेट मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

हवामान रेडिओवर. बीबीसीच्या चौथ्या स्टेशनवर समुद्री हवामानाचं वार्तापत्र लागतं. भोवतालच्या समुद्राचे 31 भाग पाडलेले, आमचा भाग वाइट. निवेदक इतक्या शांत आवाजात वादळ सांगतो की ऐकता ऐकता झोप लागते. यातली वेळ मोजून मापून दिलेली असते. वादळ "लवकरच" येणार म्हणजे 6 ते 12 तासांत. "नंतर" म्हणजे 12 तासांनंतर. हे कळल्यापासून मी घरातही लागू केलं. "बोटीचा तळ पुसतो, लवकरच" असं नवऱ्याने म्हटलं की मी घड्याळ बघते.

पण माणसांची पारख व्हायची ती रविवारी संध्याकाळी, बोटी धक्क्याला परत लागताना. मोटार लावायची असेल तर ब्रेक असतो. बोटीला ब्रेक नाही. वारा एकीकडे ढकलतो, पाणी दुसरीकडे, आणि इंजिन उलटं फिरवलं की पंखा बोटीचं बूड तिसरीकडेच फेकतो. अशा वेळी हँबल नदीवर आधी पोचलेली सगळी मंडळी हातात पेला घेऊन आपापल्या बोटीवर बसतात आणि येणाऱ्यांकडे बघतात. मदतीला धावतात, खोटं का सांगा, पण आधी बघतात. बघण्यासारखं असतंही. जवळजवळ प्रत्येक बोटीवर पुरुष सुकाणूला, आणि बाई नाळेपाशी हातात दोर घेऊन, धक्क्यावर उडी मारायच्या पवित्र्यात. पुरुष मागून ओरडतो. वाऱ्यामुळे तिला ऐकू येत नाही. तिने काय म्हटलंस विचारायला मान वळवली की धक्का निघून जातो. मग तोच पुरुष संध्याकाळी क्लबात दुसऱ्या पुरुषाला सांगतो, की बायकोला दोरांचं काही समजत नाही.

मी विचार केला. सुकाणूला जोर लागत नाही, डोकं लागतं. तीन टनांची बोट दोराने खेचून धरायला जोर लागतो. मग जोर असलेला माणूस सुकाणूला कशाला? आम्ही अदलाबदल केली. बोट आता मी लावते, तो दोर घेऊन उतरतो. ओरडणं थांबलं असं नाही. पण आता तो पुढून ओरडतो आणि वारा बहुतेक समोरून असतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं आणि मी त्याप्रमाणे वागत नाही.

रात्री नाळेतल्या त्रिकोणी पलंगावर झोपायचं. डोकी रुंद बाजूला, पाय टोकाकडे, आणि टोकाला चार पावलांपैकी दोनच मावतात. डोलकाठीवर दोऱ्या वाऱ्याने टणटण वाजतात. श्वासाची वाफ छताला लागून थेंबाथेंबाने कपाळावर परत येते. नांगर सरकला तर कळावं म्हणून नवरा फोनवर गजर लावतो. पाणी फिरलं की बोट नांगराभोवती फिरते, गजर होतो. नवरा अर्ध्या चड्डीवर बाहेर जातो, टॉर्च मारतो, सगळं जागच्या जागी असतं. आत येतो, डोकं आपटतो. मला आईचा पहिला प्रश्न आठवतो: कित्याक?

नवऱ्याकडे उत्तर तयार असतं. तो म्हणतो, सुहैली बघ. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1968-69 साली एकटा, कुठेही न थांबता 312 दिवसांत जगाला वळसा घालून आला, असं करणारा पहिला माणूस. आणि त्याची ती 32 फुटी सागवानी बोट बांधली कुठे? मुंबईत! हे सांगताना त्याला मुंबईचा असा अभिमान वाटतो की ऐकणाऱ्याला हा पुण्याचा आहे हे खरं वाटू नये. मी म्हणते, बरोबर आहे, पण एकटा होता. 312 दिवसांत त्याला कुणी "जरा उठतोस का?" म्हटलं नाही. जोडप्याचं बोल. मग तो बेली नवरा-बायकोचं पुस्तक काढतो. मॉरिस आणि मॅरलिन. घर विकून त्यांनी 31 फुटी बोट घेतली आणि इंग्लंड सोडलं. 1973 च्या मार्चमध्ये पॅसिफिक महासागरात देवमाशाची धडक बसून बोट बुडाली. जवळजवळ चार महिने दोघं रबरी तराफ्यावर होती. सेफ्टी पिनांचे गळ करून मासे धरायचे, आणि पुढे कधीतरी करायच्या मेजवान्यांचे पदार्थ ठरवत बसायचं. कोरियाच्या एका मच्छीमार बोटीने त्यांना उचललं. आणि घरी आल्यावर त्यांनी काय केलं? दुसरी बोट बांधून घेतली. नवरा हे शेवटचं वाक्य विजयाने वाचतो. मला त्यात एकच गोष्ट दिसते: तराफ्यावर बाक नव्हते, बाकाखाली सामान नव्हतं. म्हणून टिकलं.

तर ज्यांना बोट घ्यायची इच्छा असेल त्यांनी आधी आमच्याकडे येऊन दोन रात्री राहावं. छोले करीन, शिट्ट्या मोजायला तुम्हालाच बसवीन. फक्त सामान मऊ पिशवीत आणा. चाकांची टणक बॅग आणलीत तर ती बोटीत राहील आणि तुम्हाला धक्क्यावर झोपावं लागेल.